ट्रेल ऑफ टाइम, ग्रँड कॅनियन: पावलागणिक दहा लाख वर्षं

ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावर येणारी आपली मंडळी मॅदर पॉइंटला गाडी लावतात, कठड्याला टेकून फोटो काढतात, "केवढी ही दरी!" म्हणतात आणि तासाभरात लास व्हेगासच्या रस्त्याला लागतात. त्यांना हाताला धरून थांबवावंसं वाटतं. मॅदर पॉइंटपासून काठाकाठाने थोडं चाललं की यावापाय जिऑलॉजी म्युझियम लागतं आणि तिथून 'ट्रेल ऑफ टाइम' नावाची पायवाट सुरू होते. मुलाबाळांकडे अमेरिकेत आलेल्या आईवडलांनी, सुट्टीत नातवंडांना घेऊन फिरणाऱ्यांनी, आणि शाळेत "पृथ्वीचं वय किती?" या प्रश्नाचं उत्तर नुसतं पाठ केलेल्या प्रत्येकाने ही वाट चालावी असं मला मनापासून वाटतं. माझ्याकडून हिला पैकीच्या पैकी गुण. का, ते जरा सविस्तर सांगते.

माझी सगळी नोकरी भूजल सर्वेक्षणात गेली. सातारा-सांगलीकडच्या विहिरींत उतरायचं, थर मोजायचे, मुरूम कुठे संपतो, भेगाळ कातळ कुठे लागतो, पाणी कुठल्या थरातून झिरपतंय ते वहीत उतरवायचं. गावातली माणसं विचारायची, "बाई, हा दगड किती जुना?" मी सांगायचे, साडेसहा कोटी वर्षांचा. पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: "मोजला कुणी?" विहिरीच्या काठावर उभं राहून या प्रश्नाचं पुरतं उत्तर देता येत नाही. वेळ नसतो आणि दाखवायला हाताशी काही नसतं. या वाटेवर दाखवायला सगळं आहे, म्हणून ती मला एवढी भावली.

वाटेची कल्पना अगदी साधी. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. दर मीटरला जमिनीत ब्राँझची खूण बसवलेली, आणि दर दहाव्या खुणेवर आकडा. म्युझियमपाशी 'आज' आणि तिथून पश्चिमेला, गावाच्या दिशेने, चालत गेलं की काळ मागे मागे जातो. मुख्य वाट व्हर्कॅम्प्स व्हिजिटर सेंटरपर्यंत साधारण दोन किलोमीटर आहे, म्हणजे दोनशे कोटी वर्षं. आकडे मिलियनमध्ये आहेत. आपल्याला लाख-कोटीची सवय. त्यावर सोपा उपाय सांगते: खुणेवरच्या आकड्याचं शेवटचं शून्य मनातल्या मनात झाकायचं, की कोटी मिळाले. २७० ची खूण म्हणजे २७ कोटी, १,८४० ची म्हणजे १८४ कोटी. माझ्या नातवाला हे एकदाच सांगितलं, पुढे तोच मला सांगत होता.

न्यू मेक्सिको विद्यापीठातले कार्ल कार्लस्ट्रॉम, लॉरा क्रॉसी आणि त्यांचे सहकारी यांनी पार्कबरोबर मिळून ही वाट उभी केली. २०१० मध्ये ती खुली झाली. कार्लस्ट्रॉम यांनी याच दरीतल्या खडकांवर अनेक वर्षं काम केलेलं आहे. ज्याने खडक मोजले त्यानेच लोकांसाठी वाट आखली, हे चालताना जाणवतं. कुठे थांबायला लावायचं आणि कुठे नुसतं चालू द्यायचं, याची नेमकी जाण तिच्या आखणीत आहे.

सुरुवातीचा तुकडा घाईत ओलांडू नका. तिथे आधी एका मीटरला एक वर्ष धरलेलं आहे, मग दहा, मग शंभर, हजार, असं करत प्रमाण दहा लाखांवर जातं. माणसाच्या आयुष्याच्या मापातून खडकांच्या मापात माणसाला हळूहळू उतरवण्याची ही युक्ती मला फार आवडली. दहा लाखांच्या प्रमाणात एकदा शिरलात की आपला सगळा इतिहास पहिल्याच खुणेच्या कडेला चिकटलेला दिसतो. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी दोन मिलिमीटरवर. लोणारचं विवर मात्र सत्तावन्न सेंटिमीटर मागे, अर्ध्या पावलाहून पुढे.

लोणारचा विषय निघालाच आहे तर सांगते, कारण वय कसं ठरतं आणि कसं बदलतं याचं ते आपल्या घरचं उदाहरण आहे. लोणारचं वय पूर्वी पन्नास हजार वर्षांच्या आसपास सांगितलं जायचं. ते उष्णतेने प्रकाश सोडणाऱ्या कणांच्या मोजणीवरून आलं होतं. पुढे आघाताच्या वेळी वितळलेल्या खडकातला आर्गॉन वायू मोजला, तेव्हा ५,७०,००० वर्षं निघाली. दहापटीहून जास्त फरक! पद्धत बदलली की उत्तर का बदलतं, कुठली पद्धत कुठल्या दगडाला लागू पडते, हे ज्याला समजलं त्याला निम्मं भूशास्त्र समजलं असं मी धरते.

आता ६६ च्या, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या कातळाच्या वयाच्या, खुणेबद्दल. या खुणेवर आकडा नाही, तो ६० वर आणि ७० वर आहे. मी साठपासून सहा पावलं मोजली आणि तिथे हातातली काठी आडवी ठेवली. काठी मीटरहून थोडी आखूड. एका खुणेपासून दुसरीपर्यंत पोहोचत नाही. माझा अख्खा सह्याद्री त्या काठीच्या लांबीत बसतो. महाबळेश्वरच्या माथ्यापासून कोकणात उतरेपर्यंत दिसणारे हजार-बाराशे मीटरचे लाव्हाचे थर, रायगडाचा कडा, मी आयुष्यभर ज्या कातळात विहिरी पाहिल्या तो कातळ, हे सगळं दहा लाख वर्षांच्या आत ओतलं गेलं. आकडे मला तोंडपाठ होते. पण दोन किलोमीटरच्या वाटेवर आपला वाटा एका पावलाचाही नाही, हे डोळ्यांनी पाहिल्यावर मी बराच वेळ तिथून हलले नाही. मागून येणारी माणसं वळसा घालून जात होती.

हे दहा लाखांच्या आतलं माप कुठून आलं, ते सांगायलाच हवं, कारण त्यात आपल्याकडच्या एका दुर्लक्षित थराचा मोठा वाटा आहे. बेसॉल्टचं, म्हणजे लाव्हापासून झालेल्या आपल्या काळ्या कातळाचं, वय काढणं कठीण. त्यात युरेनियम धरून ठेवणारे झिरकॉनचे स्फटिक सहसा सापडत नाहीत. पोटॅशियमपासून तयार होणारा आर्गॉन मोजावा, तर दगड जरा कुजला की तो वायू निसटतो आणि वय कमी भरतं. म्हणून दख्खनच्या खडकांची जुनी वयं खूप पसरलेली असायची. विहिरीत दोन कातळांच्या मध्ये तांबड्या मातीचा एक पट्टा लागतो. आमच्या खात्यात त्याला रेड बोल म्हणायचे. पाणी अडवणारा थर, म्हणून आम्ही त्याची जाडी लिहून पुढे जायचो. एक लाव्हा थंड झाला आणि दुसरा त्यावर यायचा होता, त्या मधल्या शांत काळात तयार झालेली ही माती. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाला या तांबड्या थरांत झिरकॉनचे बारीक कण मिळाले, वेगळ्या प्रकारच्या ज्वालामुखींच्या राखेतून येऊन पडलेले. तो पट्टा वरच्या आणि खालच्या लाव्हाच्या मधल्या काळातला, म्हणून त्या राखेचं वय म्हणजे दोन लाव्हांच्या मधली तारीख. बर्कलीच्या गटाने त्याच घाटांतल्या लाव्हातला आर्गॉन मोजला. २०१९ मध्ये दोघांचे निष्कर्ष एकाच वेळी आले. डायनासोर नष्ट झाले त्या क्षणाच्या आधी किती लाव्हा आला आणि नंतर किती, यावर दोघांचं जमलं नाही. पण घाटांतला हा सगळा ढीग दहा लाख वर्षांच्या आत रचला गेला यावर मात्र जमलं.

६६ च्या पुढे कितीतरी वेळ वाटेवर या दरीतला दगड लागत नाही. नातू कंटाळू लागला. "आजी, सगळे दगड कुठे गेले?" प्रश्न बरोबर होता. आपण उभे आहोत तो काठच २७ कोटी वर्षांचा. त्याच्यावर एकेकाळी असलेले थर झिजून वाहून गेले. दरीत डायनासोरचं हाड का मिळत नाही याचं उत्तरही हेच: इथले थर डायनासोरांच्या आधीचे आहेत. २७० ला पोचलो तेव्हा कायबाब चुनखडक आला आणि नातवाने पळत जाऊन त्यावर दोन्ही हात ठेवले. इथून पुढे वाट भरगच्च होते.

प्रत्येक खडकाचा मोठा तुकडा दरीतून आणून त्याच्या वयाच्या जागी चौथऱ्यावर बसवलाय. एक बाजू कापून घोटून गुळगुळीत केलेली, बाकीची जशीच्या तशी. हात लावायला बंदी नाही, उलट लावावा म्हणूनच ठेवलेत. ठिकठिकाणी नळ्या बसवल्या आहेत. नळीला डोळा लावला की समोरच्या दरीत तोच थर नेमका कुठे आहे ते दिसतं. हातात दगड आणि डोळ्यांसमोर त्याचं घर. शिकवण्याची याहून चांगली सोय मी कुठे पाहिली नाही.

३४० च्या आसपासचा रेडवॉल चुनखडक मुद्दाम पाहा. दरीत तो लालभडक, दीडशे मीटरहून उंच कडा दिसतो. चौथऱ्यावरची त्याची घोटलेली बाजू मात्र राखाडी! वरच्या थरांतलं लोह पावसाच्या पाण्याबरोबर ओघळून कड्यावर चढलं, म्हणून तो बाहेरून तांबडा. मी नातवाला आधी नळीतून कडा दाखवला आणि मग दगड. त्याने दोनदा पुन्हा नळीतून पाहिलं. रंगावरून खडक ओळखू नये, हे नवशिक्या मुलामुलींना सांगून सांगून आम्ही थकायचो. इथे सांगायची गरजच पडत नाही.

आता पुन्हा तो प्रश्न: मोजला कुणी, आणि कसा? आमचे हे जिल्हा बँकेतून निवृत्त झाले आहेत. बाकावर बसल्यावर त्यांनीही तेच विचारलं. मी म्हटलं, दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक क्रम आणि दुसरा आकडा. क्रम लावायला यंत्र लागत नाही. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हे निकोलस स्टेनोने १६६९ मध्येच मांडलं. थरांना कापत जाणारी लाव्हाची भिंत, जिला आपण डाइक म्हणतो आणि जी धुळे-नंदुरबारकडे रानात सरळ रेषेत उभी दिसते, ती ज्याला कापते त्याच्याहून तरुण. नुसत्या अशा नियमांवर शंभर-दीडशे वर्षं नकाशे झाले आणि ते आजही चालतात. पण त्यातून वर्षं मिळत नाहीत. लॉर्ड केल्विनने १८६२ मध्ये पृथ्वी थंड व्हायला किती काळ लागेल ते काढलं. त्याचं उत्तर दोन कोटी ते चाळीस कोटी वर्षं. किरणोत्सर्ग १८९६ मध्ये सापडला आणि मग आकड्याचा रस्ता खुला झाला.

युरेनियम ठरावीक गतीने शिसं होत जातं. उष्णता, दाब, पाऊस, कशानेही ती गती ढळत नाही. ह्यांना म्हटलं, चक्रवाढ व्याज उलटं धरा: दरवर्षी मुद्दलातून ठरावीक टक्के वजा होतात आणि वजा झालेली रक्कम शेजारच्या खात्यात शिसं म्हणून जमा होते. आज दोन्ही खात्यांतली शिल्लक कळली आणि दर माहीत असला, तर खातं कधी उघडलं ते निघणारच. ते लगेच म्हणाले, "पण खातं उघडतानाच दुसऱ्या खात्यात काही असलं तर?" बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाने विचारावा असाच प्रश्न, आणि सगळ्या पद्धतीचा कणाही तोच. म्हणून झिरकॉन. हा स्फटिक तयार होताना युरेनियम आत घेतो आणि शिसं जवळजवळ घेतच नाही. म्हणजे आज त्यात सापडलेलं शिसं तिथेच तयार झालेलं. शिवाय युरेनियम दोन जातींचं असतं: २३८ निम्मं व्हायला ४४७ कोटी वर्षं लागतात, २३५ ला ७० कोटी. एकाच कणात दोन स्वतंत्र हिशेब. दोन्ही जुळले तर वय धरायचं. जुळले नाहीत तर कण कधीतरी तापला किंवा त्यातलं शिसं निसटलं असं समजायचं.

प्रत्यक्ष कामही सांगते, कारण लोकांना वाटतं की यंत्रात दगड घातला आणि आकडा बाहेर आला. दगड फोडायचा, दळायचा, चाळायचा, पाण्याने हलकं वाहून घालवायचं, चुंबकाने लोहाचे कण काढायचे, जड द्रवात बुडणारे तेवढे घ्यायचे आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण चिमट्याने वेचायचा. कण असतो मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा. मग आम्लात त्याचा बिघडलेला भाग विरघळवून टाकायचा, उरलेला पूर्ण विरघळवायचा आणि वस्तुमान-वर्णपटमापकात त्यातले अणू मोजायचे. १४ नंबरच्या कार्बनचा या कामात उपयोग नाही. तो ५,७३० वर्षांत निम्मा होतो, पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगा फारसा उरत नाही, आणि मुळात तो एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूंसाठी.

वाळूच्या खडकाचं काय? त्यातला प्रत्येक कण दुसऱ्या कुठल्यातरी जुन्या डोंगरातून आलेला. कणाचं वय म्हणजे खडकाचं वय नव्हे. इथला टॅपीट्स वालुकाश्म ही त्याची सुंदर कहाणी आहे. जुन्या पुस्तकांत त्याचं वय ५२.५ कोटी. कार्लस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी त्यातले झिरकॉन वेचून मोजले, आणि सर्वांत तरुण कण ५१ कोटींच्याही अलीकडचे निघाले. खडक त्याच्यातल्या सर्वांत तरुण कणाहून जुना असूच शकत नाही. म्हणून आता त्याचं वय ५०.८ कोटींच्या आसपास धरतात. नातू ५२५ वरून सतरा पावलं मागे, म्युझियमच्या दिशेने, मोजत गेला आणि तिथून हात करून ओरडला, "आजी, आता इथे!" मला त्या क्षणी त्याचा फार अभिमान वाटला. आकडा बदलला म्हणून शास्त्रावरचा विश्वास कमी होत नाही, उलट वाढतो, हे त्याला मी न सांगता कळलं.

आणि आता या वाटेवरची सर्वांत मोठी गोष्ट. ती दगडाची नाही. दरीच्या तळाशी, नदीलगत, काळपट उभ्या पदरांचा विष्णू शिस्ट नावाचा खडक आहे. हो, विष्णूच, इथल्या शिखरांना अनेक देवादिकांची नावं दिलेली आहेत. त्याचं वय १७५ कोटी. पुष्कळ ठिकाणी त्याच्या डोक्यावर थेट टॅपीट्सचे आडवे थर टेकलेले दिसतात. मध्ये काहीही नाही. दोन खडकांना एकाच हाताने एकाच वेळी स्पर्श करता येईल, पण त्या दोन बोटांच्या मध्ये एकशेवीस कोटींहून जास्त वर्षं हरवलेली आहेत. डोंगर उभे राहिले, झिजून सपाट झाले, त्यांची माती वाहून गेली, आणि मगच समुद्र वर आला. याला ते ग्रेट अनकन्फॉर्मिटी म्हणतात.

पुस्तकात ही एक नागमोडी रेघ असते. इथे ती चालावी लागते. पाचशेच्या खुणेपासून सतराशेपर्यंत सव्वा किलोमीटरच्या आसपास. ऊन होतं, वारा होता, ह्यांना बाकावर बसायचं होतं, आणि अजून नऊशेच आले होते. मधूनमधून ग्रँड कॅनियन सुपरग्रुप नावाच्या थरांच्या गटातले खडक भेटतात, कारण दरीच्या काही कोपऱ्यांत तिरके कललेले ते थर वाचले आहेत. १२५.५ कोटींचा बास थर त्यातल्या ज्वालामुखीच्या राखेवरून मोजलेला, ११०.४ कोटींचा कार्डिनास बेसॉल्ट. त्या बेसॉल्टवर मी हात ठेवला. आपल्या काळ्या कातळाचाच भाऊ, पण सोळापट म्हातारा. बाकी बराच वेळ नुसत्या खुणा. पृथ्वीच्या इतिहासात जपून राहिलेल्या काळापेक्षा पुसला गेलेला काळ मोठा आहे, हे ही वाट लपवत नाही, ती मोकळी जागा दगडांनी भरून सजवत नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण. मी खूप संग्रहालयं पाहिली आहेत. रिकामी जागा दाखवायचं धैर्य फार थोड्यांत असतं.

शेवटाकडे विष्णू शिस्ट आणि गुलाबी झोरोआस्टर ग्रॅनाइट येतात. शिस्टमधला अभ्रक उन्हात असा चमकतो की लहान मुलं आपोआप थांबतात. मग १,८४० ला एल्व्ह्ज कॅझम नाइस, या दरीतला सर्वांत जुना खडक. त्याच्या झिरकॉनमधल्या युरेनियम २३८ पैकी आजवर सुमारे पाव हिस्सा शिसं झाला आहे आणि २३५ पैकी शंभरातले चौऱ्याऐंशी भाग. दोन्ही हिशेब १८४ कोटींवर येऊन भेटतात. खडकावर हात ठेवून मी हे ह्यांना सांगितलं, तेव्हा ते "मग खातं बरोबर आहे" एवढंच म्हणाले.

मुख्य वाट इथून थोडं पुढे संपते, पण काठाने पश्चिमेला पुढे खुणा ४,५६० पर्यंत, म्हणजे पृथ्वीच्या जन्मापर्यंत, जातात. ते टोक आम्ही गाठलं नाही, दुपार झाली होती. पण तो आकडा कुठून आला हे ॲरिझोनात आलेल्या प्रत्येकाला माहीत हवं. पृथ्वीवर तिच्या जन्माच्या वेळचा खडक शिल्लक नाही, म्हणून क्लेअर पॅटरसनने उल्का घेतल्या. त्यातला एक लोखंडी तुकडा कॅनियन डायब्लोचा, म्हणजे याच राज्यात, फ्लॅगस्टाफच्या पूर्वेला पन्नास हजार वर्षांपूर्वी पडून मोठं विवर करणाऱ्या उल्केचा. १९५६ मध्ये त्याने वय छापलं: ४५५ कोटी, सात कोटी इकडे-तिकडे. शिसं मोजताना त्याला प्रयोगशाळेत सगळीकडूनच शिसं मिसळताना आढळलं. त्याचा माग काढत तो पेट्रोलमधल्या शिशापर्यंत पोचला आणि त्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढला. आज आपली नातवंडं बिनशिशाच्या पेट्रोलची हवा घेतात, त्यात दगडांची वयं मोजणाऱ्या या माणसाचा वाटा आहे. वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी ते विवर जरूर पाहा. व्यास बाराशे मीटर. आपलं लोणार अठराशेच्या आसपास, आणि बेसॉल्टमधलं असल्याने अभ्यासाला कितीतरी दुर्मीळ.

म्युझियमसुद्धा चुकवू नका, वाटेआधी अर्धा तास तिथे द्या. १९२८ ची दगडी इमारत, जागा भूशास्त्रज्ञांनीच निवडलेली. मोठ्या काचांतून सगळे थर आणि तळाची काळी घळ एका नजरेत येते, आणि खाली दरीची उठावाची प्रतिकृती आहे. आधी ती पाहिली तर नळ्यांमधून काय शोधायचं ते कळतं.

कुठून चालावं यावर माझं मत ठाम आहे: म्युझियमकडून गावाकडे. विहीर खणताना वरून खालीच जातो, थरही त्याच क्रमाने भेटतात, आणि दमल्यावर शेवटी गावात खाणंपिणं, स्वच्छतागृहं आणि परतीची फुकट शटल बस मिळते. वाट पक्की आणि बरीचशी सपाट आहे, बाकं आहेत, गुडघेदुखीवाल्यांनाही जमते. पण उंची दोन हजार मीटरच्या वर आहे, धाप लागते, म्हणून घाई करायची नाही. काठाला सगळीकडे कठडा नाही; लहान मुलांचा हात सोडू नका. खारींना काही खाऊ घालू नका, चावतात. हिवाळ्यात बर्फ असतं आणि खुणा त्याखाली जाऊ शकतात. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. पार्कमध्ये छोट्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांतलं पाणी विकत नाहीत, रिकामी बाटली न्या आणि भरून घ्या. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, त्यामुळे जेवणासाठी वाट सोडावी लागली नाही. फक्त फोटो हवे असतील तर मॅदर पॉइंट पुरेसा आहे. या वाटेला निवांत तीन तास द्या, दीड तासात उरकण्यात अर्थ नाही.

फीनिक्सहून गाडीने चार तास धरा, फ्लॅगस्टाफहून दीड. वाटेचं वेगळं तिकीट नाही, पार्कच्या प्रवेशात ती येते. आम्ही गेलो तेव्हा गाडीमागे ३५ डॉलर होते आणि ते सात दिवस चालत होते. परदेशी पाहुण्यांसाठीचे नियम अलीकडे बदलत आहेत, म्हणून निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर दर पाहून घ्या.